चाळीस उत्तरांची वही

ईरा, नील,

ईरा, तुझा निबंध मिळाला. कॉलेजच्या अर्जाबरोबर जोडायचा आहे आणि आजीने एकदा इंग्रजी बघून द्यावं, असं तू लिहिलं होतंस. मी तो छापून आणला, लाल पेन काढलं आणि टेबलाशी बसून तीन वेळा वाचला. एकही चूक सापडली नाही. तरी आज आठ दिवस झाले, मी तो परत पाठवलेला नाही. त्याचं कारण फोनवर सांगायला गेले तर मला नीट सांगता आलं नाही आणि तुला वाटलं आजीची तब्येत बरी नाही. म्हणून लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबांना विचारा. तेही यात आहेत.

दुसरं कारण ऋतूचं. एप्रिल लागला आहे. सकाळी नऊला अंगणातली फरशी चटके देते. चोपड्याच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि गरम वाऱ्याने पानं फाटत जातात त्याचा फटफट आवाज मोटारीची काच बंद असली तरी येतो. गावात चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फलक लागले आहेत. मुलामुलींचे फोटो, खाली टक्के, आणि ‘पुढचा फोटो तुमचा’. बसस्टँडवर प्लास्टिकच्या फायली छातीशी धरलेली पोरं दिसतात. फायलीत दाखले असतात आणि चेहऱ्यावर पाठ केल्याची कळा. ती कळा मी लांबून ओळखते. कित्येकींच्या चेहऱ्यावर ती मीच चढवली आहे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत हर्षाली माझ्याकडे यायची.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. सातपुड्याच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या सुकलालभाऊंची ती मुलगी. त्यांची केळी आणि थोडा कापूस. मुलींना सैन्यात अधिकारी होण्यासाठी तयार करणारी एक निवासी संस्था आहे. दहावीच्या मुली घेतात, मोजक्या. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि संधी आयुष्यात एकदाच. हर्षाली लेखी परीक्षा पास झाली होती. त्यांच्या गावातून तिथवर कुणी पोचलं नव्हतं. मुलगा नाही की मुलगी नाही. सुकलालभाऊ टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, “अक्का, पोर हुशार शे, पन बोलस कमी. तिले बोलाले शिकाडा. आते बठ्ठं तुमना हातमा.”

मला त्यांनी अक्का म्हटलेलं आवडलं नव्हतं. मला सगळे मॅडम म्हणतात.

माझ्या हातात होती ती एक वही. निळ्या पुठ्ठ्याची, आखीव, चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं, सगळी इंग्रजीत, पहिल्या पानावर बारा नियम. ती मी दीपनगरला असताना लिहिली, तुमच्या बाबांसाठी. तुमचे आजोबा वीजकेंद्रात होते, आम्ही वसाहतीत राहायचो. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. त्या शिस्तीत मी एकेक उत्तर घडवलं. तुमच्या बाबांनी ती चाळीस उत्तरं पाठ केली, मुलाखत दिली आणि निवडले गेले. मग पुढची मुलाखत, मग पुढची, आणि शेवटी मेलबर्न. वहीवर माझा विश्वास बसला त्यात नवल नाही. मी त्यानंतर चोपड्याला आले, शिकवत राहिले, वहीत किरकोळ बदल करत राहिले. ‘माझे वडील वीजकेंद्रात अभियंता आहेत’ या जागी ‘माझे वडील प्रगतिशील शेतकरी आहेत’. एवढं एक वाक्य बदललं की वही या भागातल्या कुणालाही चालायची. किती सोय, असं मला तेव्हा वाटायचं.

दुपारी दोन ते चार तिची वेळ. बाजार झोपलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कूलरमध्ये पाणी ओतलेलं आणि वाळ्याचा ओला वास. साडेतीनच्या सुमाराला वीज जायची. ज्या माणसाने जन्मभर वीज तयार केली त्याच्या घरात मी पुठ्ठ्याने वारा घेत बसायची आणि हर्षाली समोरच्या हाताच्या खुर्चीत, ताठ, गुडघ्यांवर तळवे. ती खुर्ची मी घड्याळाखाली ठेवली होती. मी टेबलापलीकडे. मी म्हणजे मुलाखत घेणारं मंडळ.

दारातून आत यायचा सराव आम्ही चार दिवस केला. दार किती उघडायचं, परवानगी कशी मागायची, पावलं किती टाकायची. एकदा दारावर टकटक झाली. मी म्हटलं, “कम इन.” आत आले सुकलालभाऊ, खांद्यावर केळीचा घड. दारातच ताठ उभे राहून म्हणाले, “मे आय कमिन, मॅडम?” हर्षाली खुर्चीत बसल्या बसल्या तोंड दाबून हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, “भाऊ, सरावाच्या वेळी येत जाऊ नका.”

“मी बी सराव करी राह्यनू ना अक्का,” ते म्हणाले. घड कोपऱ्यात ठेवला आणि गेले.

आता तो घड आठवतो. कोपऱ्यात, हिरवा, देठातून चीक गळतो आहे, फरशीवर काळा डाग पडेल म्हणून माझा जीव खालीवर. आणि त्याच्याकडे पाठ करून मी त्याच्या मालकाच्या मुलीला विचारते आहे, “व्हॉट आर युअर हॉबीज?”

तिने पहिल्या दिवशी दिलेलं उत्तर मला शब्दशः आठवतं, कारण मी ते खोडलं. ती म्हणाली होती, “मॅडम, मी पहाटे उठून ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवते. मग कोणत्या ओळीत पाणी पोचलं नाही ते बघत बागेला एक चक्कर मारते. मला ते आवडतं.”

“हा छंद नाही,” मी म्हटलं. “हे काम आहे.”

“पण मला आवडतं.”

“त्यांना अधिकारी हवी आहे, हर्षाली. छंद वाचन सांगायचा. शेतात काम करते असं सांगायचं नाही. त्यांना वाटेल अभ्यासाला वेळ मिळत नाही.”

मी वही पुढे सरकवली. वाचनाच्या उत्तरात एका चरित्राचं नाव लिहिलेलं होतं. ते पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं. मी तिला त्याचा सारांश दिला, सहा ओळींचा.

हे असं लिहायला मला बरं वाटत नाही. पण मी जर इथेही माझीच उत्तरं सुधारून लिहिली तर तुम्हाला लिहिण्यात काही अर्थ नाही.

बारा नियमांतला पहिला नियम होता, भाषा बदलायची नाही. मंडळातलं कुणी मध्येच मराठीत किंवा हिंदीत बोललं, तरी आपण इंग्रजीतच उत्तर द्यायचं. मी तिला बजावून सांगितलं होतं, “गोड बोलून मराठीत विचारतील. तो सापळा असतो.” हा नियम मी कुठून आणला? धुळ्याला मी ज्या शाळेत शिकले तिथे फाटकाच्या आत घरची भाषा बोलली की दिवसभर गळ्यात एक पाटी अडकवावी लागे. माझ्या गळ्यात ती दोनदा आली. तिसऱ्यांदा येऊ दिली नाही. त्या गोष्टीचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता.

महिन्याभरात हर्षाली तयार झाली. चाळीसही उत्तरं, कुठेही अडखळणं नाही. आवाज माझ्यासारखा, थांबण्याच्या जागा माझ्या. सुकलालभाऊ एके दिवशी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता. मी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “इमानमा बोलतस तशी बोलनी,” ते म्हणाले. विमानात ते कधी बसलेले नव्हते. टीव्हीवर ऐकलं असेल.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. संस्थेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सुकलालभाऊ आणि मी बसलो. ते मला सांगत होते की यंदा वावटळ लवकर सुटली आहे, घडांच्या वजनाने झाडं वाकतात, टेकू द्यावे लागतात. मी हं हं करत होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. वीस मिनिटांनी हर्षाली बाहेर आली. केस जागच्या जागी, रुमाल हातात. “कशी झाली?” मी विचारलं. “चांगली,” ती म्हणाली. “सगळी आली.”

परतीच्या बसमध्ये, धुळं मागे पडल्यावर, मी एकेक प्रश्न काढायला लागले. माझी ती सवयच आहे. पेपरहून आलेल्या मुलाला मी पाणीही पिऊ देत नसे. वाचनाचा प्रश्न आला होता. तिने त्या चरित्राचं नाव सांगितल्यावर मंडळातले एक गृहस्थ दुसऱ्याकडे बघून म्हणाले होते, “तिकडची सगळी मुलं हेच पुस्तक वाचतात वाटतं.” दुसरे हसले होते.

“आणि वडिलांबद्दल?”

“विचारलं ना. मी सांगितलं, प्रोग्रेसिव्ह फार्मर आहेत, मॉडर्न मेथड्स वापरतात. मग त्यांच्यात एक मॅडम होत्या युनिफॉर्ममधल्या, त्यांनी फॉर्म बघितला आणि मराठीत विचारलं, केळी लावल्यापासून घड निसवायला किती महिने लागतात ग? मराठीत सांग बाळा, चालेल म्हणाल्या.”

घड निसवणं म्हणजे झाडाच्या पोटातून घड बाहेर पडणं. चोपड्याच्या लहान पोरालाही हा शब्द माहीत असतो.

“मग?”

“मी म्हटलं, सॉरी मॅम, आय डोन्ट नो.”

मी तिच्याकडे बघत राहिले. “तुला माहीत नाही?”

“माहीत आहे ना मॅडम. कंद लावला तर वेगळं, टिश्यूचं रोप लावलं तर वेगळं. जूनमध्ये लावलेल्या मृगबागेचं वेगळं आणि ऑक्टोबरातल्या कांदेबागेचं वेगळं. कांदेबाग थंडीत अडकते, तिला उशीर लागतो. आमची जमीन भारी आहे, काकांची हलकी, त्यातही दहा-पंधरा दिवसांचा फरक पडतो. हे सगळं इंग्रजीत जमवायला वेळ लागला असता. आणि मराठीत तर सांगायचंच नव्हतं. ठाऊक नसेल तर सरळ सॉरी म्हणायचं, असं वहीत आहे. नियम नऊ.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नियम पाळले याचं समाधान होतं. एवढं सरळ, एवढं नेमकं, बसच्या खडखडाटात तिने मला सांगून टाकलं. हेच ती तिथे बोलली असती तर त्या युनिफॉर्ममधल्या बाईंनी दुसरा प्रश्न विचारला असता, मग तिसरा. कोणत्या ओळीत पाणी पोचलं नाही हे पहाटेच्या अंधारात ओळखणारी मुलगी त्यांच्यासमोर बसली होती. त्यांना दिसली मी.

पुढच्या सीटवर सुकलालभाऊ होते. त्यांनी मान वळवली. ते सगळं ऐकत होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“अक्का,” ते म्हणाले, “मनी पोर बागमा वाढनी. तिले बाग ठाऊक नही, असं ती सांगी उनी?”

“नाना, तसं नाही,” हर्षाली म्हणाली. घरी ती त्यांना नाना म्हणते. “ते इंग्रजीत...”

“त्या बाईनी मराठीमा इचारं ना?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी उत्तर द्यायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं की भाऊ, तिची चूक नाही, हे मी शिकवलं. मी खिडकीबाहेर बघितलं. अमळनेर आलं, गेलं. तापीच्या पुलावर नेहमीप्रमाणे त्यांनी हात जोडले. चोपड्याला उतरल्यावर माझी पिशवी माझ्या आधी त्यांनीच उचलली.

निवड झाली नाही. यादीत फक्त निवडलेल्यांची नावं असतात, कारणं नसतात. तेव्हा त्या एका उत्तरामुळे ती राहिली असं मी सिद्ध करू शकत नाही. स्वतःची समजूत घालायची झाली तर ही जागा चांगली आहे. मी काही दिवस तिथे बसून पाहिलं. बसवलं नाही.

मग मी वही बंद करायचं ठरवलं, आणि तिथेच मला खरी चीड आली. वही माझ्याकडे नव्हतीच. म्हणजे मूळ होती, कपाटात. पण माझ्या कुणा विद्यार्थ्याने केव्हातरी तिची झेरॉक्स काढली होती, दुकानदाराने एक प्रत स्वतःसाठी ठेवली होती, आणि आता बसस्टँडसमोरच्या त्या दुकानात स्पायरल लावलेल्या प्रती गठ्ठ्याने तयार असत. वर माझं नाव, ‘मॅडम’ लावून. मी गेले.

“मॅडम, या या, बसा,” दुकानदार म्हणाला. “तुमची वही जोरात आहे. शिरपूरकडून पण पोरं येतात.”

“ती आता देऊ नका. चुकीची आहे.”

“इंग्रजी चुकीचं आहे?”

“इंग्रजी बरोबर आहे.”

“मग उत्तरं चुकीची आहेत?”

“उत्तरंही... तशी बरोबर आहेत.”

त्याने मशीनचं झाकण लावलं आणि माझ्याकडे काळजीने बघितलं. “मग चुकीचं काय आहे, मॅडम? सांगा, सुधारून घेऊ. नवीन टाइप करून घेऊ.”

मी भाषेची शिक्षिका. पाणी पिऊन मी परत आले. नंतर एकदा चिठ्ठी लिहून पाठवली, ही वही माझ्या नावाने देऊ नये. त्याने माझं नाव काढलं. वही ठेवली.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाहून येताना दोंडाईच्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी येरझाऱ्या घालत पुटपुटत होती. जवळ आली तसे इंग्रजी शब्द ऐकू आले. माझे वडील प्रगतिशील शेतकरी आहेत, ते आधुनिक पद्धती वापरतात. माझी वाक्यं, माझ्या थांबण्याच्या जागा. तिची आई शेजारी भाकरीचं फडकं सोडत होती. मी तिला विचारलं, “काय करतात हिचे वडील?” ती म्हणाली, “बकऱ्यांचा धंदा करतात, गुजरातेत नेतात.” मी मुलीला जवळ बोलावलं आणि म्हटलं, “बाळा, बकऱ्यांबद्दल सांग. ते जास्त चांगलं आहे.” तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिचा अपमान केला. मग आईला घेऊन ती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि वही मात्र तिच्या हातात होती.

हर्षालीची यंदा बारावी झाली. आता ती सैन्यातल्या शिपाई भरतीची तयारी करते. सोळाशे मीटर धावायचं, उड्या मारायच्या, पेपर लिहायचा, मुलाखत नाही. सकाळी फिरायला जाते तेव्हा ती मला कॅनॉलच्या रस्त्यावर दिसते, आणखी चार मुली मागे. ती त्यांना वेळ सांगते, श्वास कसा धरायचा ते सांगते, कुणाचा बूट कुठे घासतो तेही तिला माहीत असतं. सगळं अहिराणीत, मोठ्याने. मला बघून हात करते. माझ्याजवळ थांबली तर मॅडम म्हणते, घरची चौकशी करते, इंग्रजीचं नाव काढत नाही. मी एकदा सुकलालभाऊंना म्हटलं, “भाऊ, ही अधिकारी व्हायची मुलगी होती.” ते म्हणाले, “वर्दी ती वर्दीच शे, अक्का.” त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही. ती चार मुलींच्या पुढे धावते तेव्हा कुणालाही दिसतं की ती काय आहे. ते बघायला त्या दिवशी तीन माणसं मुद्दाम खुर्च्या मांडून बसली होती.

आता तुझा निबंध, ईरा. त्यात चिकाटी आहे, नेतृत्व आहे, समाजाविषयी आस्था आहे. पहिलं वाक्य ‘लहानपणापासूनच मला’ असं सुरू होतं. तुझ्या बाबांनी मदत केली असावी, कारण तिसऱ्या परिच्छेदात माझ्या वहीतलं चौदावं उत्तर जवळजवळ जसंच्या तसं आहे. त्यांनाही ते माझं आहे हे आठवत नसेल. तू दर शनिवारी पहाटे चारला उठून बेकरीत जातेस, तिथल्या ओव्हनचं एक दार नीट लागत नाही म्हणून तुम्ही त्याला चमचा अडकवता, आणि तिथल्या म्हाताऱ्या बाई तुला पीठ नुसतं दाबून ते फुगायला ठेवून किती वेळ झाला ते ओळखायला शिकवतात. हे तू मला फोनवर अर्धा तास सांगितलं होतंस. निबंधात बेकरीचा एक शब्द नाही. तुला कुणी सांगितलं असेल की ते काम आहे, छंद नाही.

मी तुला बेकरीवर लिही असं सांगणार नाही. तसं सांगितलं तर ते एक्केचाळिसावं उत्तर होईल. अर्जाची मुदत जवळ आहे हेही मला कळतं, आणि हा आहे तसा पाठवलास तर कदाचित तुझं काम होईल. तुझ्या बाबांचं झालं होतं. निबंधाच्या शेवटी मी फक्त तारीख आणि सही केली आहे. लाल पेन लावलेलं नाही. उद्या टपालात टाकते.

सुकलालभाऊ अजूनही महिन्यातून एकदा केळी आणून देतात. मी अजूनही त्यांना त्या बसमधल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. घड्याळाखालची खुर्ची मी माजघरात नेली, तिच्यावर आता धुतलेले कपडे असतात. मूळ वही मी फाडली. झेरॉक्स अजून आहे. बसस्टँडसमोरच्या दुकानात मागितली की मिळते. वडिलांबद्दलच्या पानावर शाई जरा फिकी आली आहे, पण वाचता येतं.